गायरानावर खड्डे खणण्यापूर्वी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर एका प्रकारच्या बातम्या वाढू लागतात. अमक्या गावच्या पडीक गायरानावर पावसाळ्यात इतकी हजार रोपे लावणार, तमक्या गावच्या ग्रामसभेने पडीक गायरान सौरऊर्जेसाठी देण्याचा ठराव केला. सोबतच्या छायाचित्रात करपलेला तपकिरी माळ असतो, मागे जेसीबी उभा असतो. बातमीदाराची त्यात चूक नाही, मे महिन्यात माळ तसाच दिसतो. पण असल्या माळांवर माझी सगळी नोकरी गेली. तिथे काय होते, त्यातले काय गेले आणि त्याची किंमत कोण मोजते आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पत्र लांबले आहे. जागा असेल तर न कापता छापावे, ही विनंती.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. उत्तर सोलापूर, मोहोळ, बार्शी या तालुक्यांतल्या दवाखान्यांत बदल्या होत राहिल्या. खेड्यात आम्हाला सगळे डॉक्टरच म्हणतात. पावसाळ्याआधी मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचावी लागते. पहिल्या पावसावर कोवळे गवत फुटते, मेंढी ते अधाशासारखे खाते, आतड्यातले जंतू वाढून विष तयार होते आणि रात्री धडधाकट बसलेली मेंढी सकाळी पाय ताणून मेलेली सापडते. म्हणून लस मे-जूनमध्येच टोचायची, तीही कळप चरायला सुटण्याआधी. या कामामुळे ऐन उन्हाळ्यातला माळ उजाडताना पाहायला मिळाला. साहेबलोक माळावर येतात ते अकरानंतर, आणि तोवर माळावरचा प्रत्येक जीव सावलीला गेलेला असतो.

एकदा एका वाड्यावर, म्हणजे मेंढपाळाच्या फिरत्या मुक्कामावर, लस टोचायला बसणार, तेवढ्यात मेंढपाळाच्या बायकोने हात आडवा केला. “डाक्टर, तितं पाय टाकू नगा, टिटवी बसलीया.” मला काही दिसेना. मग तिने दाखवले. मेंढरे कोंडायच्या वाघरीपासून, म्हणजे जाळीपासून, थोड्या अंतरावर मुरमात तीन धोंडे मांडलेले होते आणि त्यांच्या मधोमध जेमतेम बशीएवढा खळगा. त्यात चार अंडी, मुरमाच्याच रंगाची, वर काळपट ठिपके. हात लावण्याइतके जवळ जाऊनही नजर त्यांच्यावर ठरत नव्हती. धोंडे तिनेच ठेवले होते, कळप सुटला की मेंढरांनी तेवढी जागा वळसा घालून जावे म्हणून. आम्ही मागे सरलो. थोड्या वेळाने माळटिटवी धावत आली, दोनदा थबकली आणि अंड्यांवर बसली. डोळ्यापुढे लोंबणारी पिवळी कातडी, डोक्यावर काळी टोपी, आणि पोटाची पिसे ओलीचिंब. ऊन चढले की हा पक्षी डबक्यात पोट भिजवून येतो आणि त्या ओलीने अंडी थंड ठेवतो. त्या वाड्यावर मेंढरांना पाणी पाजायचे घमेले होते, त्याच्याच सांडलेल्या पाण्यात तिचे काम भागत होते.

माळटिटवीचा अंडी घालायचा हंगाम मार्च ते मे-जून असा असतो. चंडोल आणि धाविक यांचाही साधारण तेव्हाच सुरू होतो. ही सगळी जमिनीवर अंडी घालणारी पाखरे. वृक्षलागवडीचे खड्डे आणि सलग समतल चर खणण्याचा हंगामही नेमका तोच. जेसीबीचा चालक काही दुष्ट नसतो. त्याच्या उंच खुर्चीवरून ती अंडी दिसणेच शक्य नाही. चर खणले की गवताचा गड्डा उपटला जातो, खालचा मुरूम वर येतो, आणि उघड्या मातीवर पुढच्या पावसात गवताऐवजी गाजर गवत आणि वेडी बाभूळ उगवते. पाणी मुरावे म्हणून चर खणतात, आणि पाणी मुरवणारी गवताची मुळेच आधी काढून टाकतात, हे मी अनेक गावांत पाहिले.

आमचा मुलूख अवर्षणाचा. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. इथे दाट जंगल कधी नव्हते. गवत, मधूनच बोराटी, हिवर, तरवड, हेच इथले नैसर्गिक रान. पाऊस पडला की पंधरा दिवसांत माळ पालटतो. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते वर येतात, तरवडाला पिवळी फुले लागतात. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या माळावर असल्या दिवसांत मी नर माळढोक घुमताना पाहिला आहे. पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा तो पक्षी गळ्याखालची पिशवी फुगवून, शेपटी पाठीवर टाकून उंचवट्यावर उभा राहतो. त्याचा घुमारा अर्ध्या किलोमीटरवर ऐकू येतो. त्याला नाचायला उघडा उंचवटा लागतो, मादीला अंडे घालायला गुडघाभर गवताचा आडोसा लागतो, आणि दोघांनाही चरायला नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे आणि लगतच्या शेतातली ज्वारी-हरभऱ्याची राने लागतात. एका वेळी अंडे बहुधा एकच. ते गेले की त्या मादीचा तो हंगाम बहुधा गेला.

पावसाळा सरता सरता भोवत्या येतात. कझाकस्तानकडून, मध्य आशियातून उडत आलेले हे शिकारी पक्षी माळावर आणि शेजारच्या शेतांवर अगदी खालून तरंगत नाकतोडे आणि उंदीर टिपतात. रात्री ते झाडावर बसत नाहीत, उंच गवतात जमिनीवर एकत्र झोपतात. गवतात झाडे लावून पक्ष्यांची सोय करणाऱ्यांना ही गोष्ट कोणी सांगत नाही. उलट धाविकाला मेंढरांनी खाऊन आखूड केलेलेच गवत लागते, उंच गवतात तो धावूच शकत नाही. माळाला चराईही हवी आणि राखणही हवी. कळप आज या माळावर, पंधरा दिवसांनी पलीकडच्या, असे फिरत तेव्हा दोन्ही आपोआप होत असे. संपूर्ण चराईबंदी आणि बेसुमार चराई या दोन्ही टोकांनी माळ बिघडतो, हे माझे अनुभवाचे मत आहे.

आता माळढोकाची कहाणी, कारण आमच्या जिल्ह्यात जमिनीबद्दल जे जे चुकले ते त्यात एकत्र सापडते. 1979 मध्ये सोलापूर आणि नगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून 8,496 चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, बाजारपेठा, बागायती, रस्ते सगळे आले. प्रत्यक्ष माळ त्यातला थोडा. शेतकऱ्याला जमीन विकायची, बिगरशेती करायची, कर्ज काढायचे म्हटले की अभयारण्याची अट आडवी यायची. मुलीच्या लग्नासाठी अर्धा एकर काढायला निघालेल्या माणसाला परत पाठवले की तो परतताना पक्ष्यालाच शिव्या देणार. पुढे न्यायालयात प्रकरण जाऊन हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आले, पण तोवर एक सबंध पिढी माळढोकाला शत्रू मानून मोठी झाली होती. कागदावर अख्खे तालुके राखीव होते आणि जमिनीवर माळाचा एकेक तुकडा नांगराखाली जात होता. आज नान्नजला एखादी मादी दिसल्याची बातमी येते आणि तीच मोठी बातमी ठरते. देशभरात हे पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरले आहेत, बहुतेक सगळे राजस्थानात. ज्या पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करावे असे सालिम अली यांनी सुचवले होते, त्याची ही गत.

माळ गेला कुठे? मोठा भाग ओलिताखालच्या शेतीत गेला. 1980 च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाले, कालवे आले, मग विंधन विहिरी आल्या. कोरडवाहू ज्वारी, करडई, हरभऱ्याच्या जागी ऊस आणि द्राक्ष आले. सोनाका ही द्राक्षाची नामांकित जात नान्नजच्याच मातीतली, आणि त्या कष्टाचा मला अभिमान आहे. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा आमचाच. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे, कारखाना टोळी पाठवून ऊस तोडून नेतो. ज्वारीची राखण करायला भोरड्यांवर गोफण फिरवणारा माणूसही आता मिळत नाही. ज्याला पाणी मिळाले तो ऊस लावणारच. माझा मुद्दा पुढचा आहे. ज्वारीबरोबर कडबा गेला, माळाबरोबर गवत गेले, आणि त्याचे परिणाम मला गोठ्यात दिसू लागले.

गळीत हंगाम सुरू झाला की गावोगाव उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याच्या, मोळ्या येतात. स्वस्त, हिरव्या, भरपूर. ज्याच्याकडे कडबा नाही तो गाईला नुसती वाढीच घालतो. वाढ्यात ऑक्झालेट असते, ते शरीरातल्या कॅल्शियमला धरून ठेवते. दिवाळी ते शिमगा नुसत्या वाढ्यावर राहिलेली गाय बाहेरून भरलेली दिसते. मग ती व्याली की दुसऱ्या दिवशी उठत नाही. मान पोटाकडे वळवून बसते, कान गार पडलेले. रात्री-अपरात्री फोन येतो, शिरेतून कॅल्शियमची बाटली सावकाश सोडावी लागते, आणि घरातली सगळी माणसे कंदिलाच्या, पुढे मोबाइलच्या उजेडात गाईकडे बघत बसलेली असतात. चुन्याची निवळी शिंपडून वाढे द्या, सोबत सुका चारा द्या, असे सांगून सांगून माझा घसा बसला. सुका चारा आणायचा कुठून, हा त्यांचा प्रश्न खरा होता. पूर्वी ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्याही दोन शेळ्या आणि एक गाय गायरानाच्या जिवावर जगत. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळांत जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि तिथेही जनावरांना ऊसच घातला गेला. छावण्या मुख्यतः गाई-म्हशी-बैलांच्या. मेंढराला आधार माळाचाच.

मेंढपाळाचे काय झाले ते तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. पूर्वी धनगराचा वाडा शेतात बसवायला शेतकऱ्यांत चढाओढ असे. रात्रभर मेंढरे बसली की लेंडी-मुताने रान तयार होई, आणि शेतकरी बदल्यात ज्वारी देई, घरातली बाई पोराबाळांना भाकरी-कालवण देई. त्या देण्याघेण्यात दोन समाजांची ओळख टिकून होती. आता उसाच्या रानात बारा महिने पीक उभे, मेंढरे बसवायला मोकळे रान कुठे? द्राक्षबागायतदार लेंडीखत ट्रॉलीने विकत घेतात, पण कळप बागेजवळून गेलेला त्यांना चालत नाही, आणि औषधे फवारलेल्या बागेजवळ कळप नेणे मेंढपाळालाही परवडत नाही. मग वाडे कालव्याच्या भरावावर आणि महामार्गाच्या कडेला पडतात. रात्री ट्रकखाली मेंढरे सापडतात. अशाच एका पहाटे रस्त्याच्या कडेला मेलेल्या मेंढ्या ओळीने ठेवून बसलेली म्हातारी मला म्हणाली, “हितनं म्होरं कुठं जायाचं, डाक्टर, ते तुमीच सांगा.” माझ्या बॅगेत त्यावर औषध नव्हते. तिचे नातू आता औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला जातात. कुणी राजीखुशीने मेंढरे विकून शहरात गेला तर मला आनंदच आहे. हे लोक मात्र चारी बाजूंनी कोंडले गेले म्हणून गेले.

लांडग्याचेही तसेच. माळावर काळवीट, ससे असत तोवर लांडगा कळपातले एखादे कोकरू नेई आणि धनगर म्हणे, त्याचा वाटा त्याने नेला. शिकार कमी झाली तसा तो वाड्यावर वरचेवर येऊ लागला, आणि पंचनाम्याला मला बोलावणे वरचेवर येऊ लागले. त्यात मोकाट कुत्र्यांची भर पडली. वस्तीजवळचा कचरा आणि कोंबड्यांच्या शेडबाहेर टाकलेली मेलेली पाखरे खाऊन त्यांच्या टोळ्या वाढल्या. त्या टोळ्या माळावरची अंडी-पिल्ले खातात, चिंकाऱ्यामागे धावतात, रोग पसरवतात. पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे 2023 मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. माळाचे तुकडे झाले की रानटी आणि पाळीव यांच्यातली हद्द अशी पुसली जाते.

पक्षी गेले तर माणसाचे काय बिघडते, असे मला लोक थेट विचारतात. त्यांना मी गिधाडांचे उदाहरण देतो, कारण ते माझ्या व्यवसायातले आहे. गावाबाहेर मेलेले जनावर टाकायची जागा माळावरच असे आणि गिधाडे दोन-चार तासांत सांगाडा करून टाकत. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेली जनावरे खाऊन ती देशभर मेली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली आणि आमच्या कपाटात त्याच्या जागी मेलॉक्झिकॅम आले. 2024 मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे सडलेली जनावरे, दूषित पाणी, वाढलेली कुत्री यांतून 2000 ते 2005 या काळात देशात सुमारे पाच लाख जादा माणसे मेली, असा त्यांचा अंदाज आहे. एक पक्षी संपल्याचा हा हिशेब मृत्यूच्या नोंदींवरून मांडला गेला आहे. भोवत्या नाकतोडे खातो, पिंगळा उंदीर खातो, गवताची मुळे पाणी मुरवतात आणि कार्बन जमिनीत धरून ठेवतात. ही कामेही कोणी तरी करतच होते, आणि ते फुकट करत होते म्हणून आपण त्यांची नोंद ठेवली नाही.

नोंद ठेवायची पद्धतच माळाच्या विरोधात आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात देशातली 5 कोटी 57 लाख हेक्टर, म्हणजे सुमारे 17 टक्के जमीन पडीक गणली आहे आणि त्यात झुडपी रानेही येतात. दुसरीकडे संशोधकांनी देशातल्या कोरड्या भागातले गवताळ-झुडपी प्रदेश मोजले तेव्हा ते देशाच्या सुमारे 10 टक्के भूभागावर भरले, आणि त्यातला 5 टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित निघाला. जंगल तोडायचे तर केवढ्या परवानग्या लागतात! माळ संपवायला ग्रामसभेचा ठराव आणि एक शिक्का पुरतो. शिवाय माळ संपवणारा विकास केल्याचे श्रेय घेऊन जातो.

राज्यात 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी असे वृक्षलागवडीचे आकडे ठरले. एवढी झाडे लावायला जागा हवी, आणि जागा म्हटली की बोट माळाकडेच वळते. लावतात काय, तर पुष्कळ ठिकाणी गिरिपुष्प, कारण त्याला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, रोपे जगल्याचा आकडा चांगला येतो. खाली गवत नाही, वर पाखरू नाही आणि मेंढीला खाण्यासारखे काही नाही, अशी ती रांगेतली झाडे पाहिली की जीव तुटतो. झाडांशी माझे वैर नाही. करंज, लिंब, चिंच, वड रस्त्याकडेला लावा, बांधावर, ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात लावा. शिक्षकांनी मुलांकडून पाणी घालून जगवलेली झाडे मी पाहिली आहेत, त्यांच्यापुढे हात जोडावेत. फक्त जिथे गवत हेच रान आहे तिथे नको.

सौरऊर्जेबद्दल लिहिताना मन दोन्हीकडे ओढले जाते. मी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. रात्री दोनला लाइट येते म्हणून अंधारात पाणी द्यायला गेलेली माणसे साप चावून मेल्याचे मी ऐकले आहे, जवळून पाहिले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळते आहे, हे फार मोठे काम आहे. पण 2023 पासूनच्या या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळच्या शासकीय जमिनी, त्यांत गायराने, भराभर दिली जात आहेत. त्याच योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे. आमच्याकडे क्षारपड होऊन पीक न येणारी बागायती राने कितीतरी पडली आहेत, उसाने आणि अतिपाण्याने खराब झालेली. तो शेतकरी त्या भाड्याची वाट पाहतो आहे. आधी ती जमीन घ्या, बाजार समित्यांच्या आणि गोदामांच्या छपरांवर पॅनेल लावा, आणि मग गायरानाकडे या. उघड्या माळावरून वीजवाहिनी न्यायचीच असेल तर जमिनीखालून न्या. थरच्या वाळवंटात वीजवाहिन्यांना धडकून वर्षाला सुमारे 84 हजार पक्षी मरतात, असा अंदाज भारतीय वन्यजीव संस्थेने 2020 मध्ये दिला होता. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही, आणि अंगाने जड असल्याने तो ऐनवेळी वळू शकत नाही.

(भूमिहीनांनी कसायला घेतलेल्या गायरानांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचा हक्क मला मान्य आहे, तो विषय या पत्रात मिसळू नये.)

दुसरा रस्ता दिसतो आहे, तोही सांगतो. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. चिंकारा, लांडगा, भोवत्या पाहायला लोक पैसे देऊन येतात आणि गावातली मुले वाटाड्याचे काम करतात. आमच्या भागात नान्नज आहे, नाव देशभर आहे, पक्षी अभ्यासक अजूनही येतात, आणि आमच्या मुलांना मात्र त्या माळाचा उपयोग काय हे कोणी सांगितलेले नाही. जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे माळढोकांचे प्रजनन केंद्र चालले आहे, पिल्ले वाढत आहेत. उद्या त्यातली चार पाखरे महाराष्ट्राला द्यायची ठरली तर ती सोडायला आपल्याकडे सलग माळ शिल्लक हवा.

2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ राने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. आपल्या जिल्ह्यात त्यानिमित्त भाषणे होतील. त्याऐवजी किंवा त्याबरोबर एक करता येईल. प्रत्येक ग्रामपंचायतीत कायद्याने जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि लोकजैवविविधता नोंदवही आहे. अनेक ठिकाणी ती कुणा एजन्सीकडून भरून घेऊन कपाटात ठेवलेली असते. गायरानाचा ठराव होण्याआधी ती वही ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. त्यात काय लिहिले आहे आणि काय राहिले आहे हे मेंढपाळांना विचारावे. आणि ती सभा वाडे भटकंतीवर असतील तेव्हा घेऊ नये, पावसाळ्यात घ्यावी, जेव्हा ही माणसे गावी असतात आणि माळही हिरवा असतो. ज्या बायका मेंढरांमागे चालतात त्यांना पुढे बसवावे. टिटवीचे घरटे मला कोणत्या पक्षितज्ज्ञाने दाखवले नव्हते.

यंदाचे खड्डे बऱ्याच गावांत अजून खणायचे आहेत. माननीय जिल्हाधिकाऱ्यांना माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे, की मार्च ते ऑगस्ट या काळात गवताळ गायरानांवर यंत्राने खोदकाम करू नये असा आदेश काढावा आणि तो याच आठवड्यात गटविकास अधिकाऱ्यांकडे जावा. ज्या गावात हे कळवायचे असेल तिथे मी स्वखर्चाने यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. मोहोळ, जि. सोलापूर